दिनमणींची हाक

गॅसची टाकी, दोन गाद्या, ऑक्सिजनचं मशीन, त्याची लांब वायर, एक छोटा सिलिंडर आणि औषधांची पिशवी. गोरक्षच्या टेम्पोत एवढं सामान चढवलं आणि मी तिथेच फुटपाथवर बसले. पाय गळून गेले होते. सामान जड होतं म्हणून नव्हे. माझे मिस्टर आजारी पडल्यापासून मी दमलेलीच होते, आणि तो थकवा झोपून जाणारा नव्हता.

हे, म्हणजे बिभीषण, नागापूरला एमआयडीसीत एका फाउंड्रीत होते. साचे फोडायचं काम. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसली. आता जिना चढला तरी ओठ काळेनिळे व्हायचे. रात्रभर खोकला. आधी मी प्रत्येक ढासेला उठायची, पाठ चोळायची, पाणी द्यायची. मग नुसती कूस बदलायची. माणसाला सगळ्याची सवय होते हो, दुसऱ्याच्या धापेचीसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर तरी नगरच्या बाहेर काढा. उंचावर, कोरड्या हवेत."

गोरक्ष माझा मावसभाऊ. पाथर्डीकडे त्याच्या टेम्पोच्या खेपा असतात. तो म्हणाला, "ताई, चांदखड्याला घेऊन चल दाजींना. पूर्वी मुंबईचे लोक यायचे तिथं हवा खायला. दिनमणींचा बंगला रिकामाच आहे."

आजच्या पोरांना दिनमणी हे नाव सांगून कळायचं नाही. माझ्या आईच्या पिढीला विचारा. काळ्या-पांढऱ्या सिनेमांतला तो मोठा नट. दिसायला देखणा होताच, पण लोक जायचे ते त्याचं मरण बघायला. जवळजवळ प्रत्येक सिनेमात तो शेवटी मरायचा. कधी तुरुंगात, कधी रणांगणावर, कधी नायिकेच्या मांडीवर डोकं ठेवून. शेवटचा श्वास असा सोडायचा की बाया थेटरातून रडत घरी यायच्या. आई सांगायची, तिची मावशी तर दोन दिवस जेवली नव्हती.

या माणसाला खरोखरचा दमा होता. मुंबईची दमट हवा सोसेना, म्हणून कुणीतरी त्याला हा माळ दाखवला. पाऊस नाही, ओल नाही, झाड नाही. नुसता खडक आणि ऊन. त्याला इथं मोकळा श्वास घेता आला आणि त्यानं बंगला बांधला. त्याच्यामागोमाग निर्माते आले, नट्या आल्या, पुण्याचे पैसेवाले आले. लॉज झालं, सूर्यास्त बघायला कठडा झाला, भेळेच्या गाड्या लागल्या. मग तो गेला आणि सगळे हळूहळू यायचे बंद झाले.

आम्ही पोचलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली, मागं म्हातारी राहिलेली. चौकातल्या चहाच्या टपरीवर दिनमणींचा फोटो होता, उन्हानं चेहरा पुसून गेलेला. डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या फिरत होत्या. त्यांचा आवाज सगळ्या माळावर भरून राहिलेला असायचा. हूंऽऽ… हूंऽऽ… एखादं मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय असा.

बंगल्याची चावी भागूबाईकडे होती. साठी उलटलेली, काटक, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणारी बाई. दिनमणींचा पुतण्या पुण्याला असतो, त्याच्यासाठी ती झाडलोट करायची. तिनं आम्हाला मागच्या दोन खोल्या उघडून दिल्या आणि म्हणाली, "बाई, कुठं बी बसा, कुठं बी निजा. दुपारच्याला तेवढं म्होरल्या व्हरांड्यात जाऊ नका."

"का हो?"

"ऊन लागतं," ती म्हणाली आणि झाडू घेऊन निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी मी हाक ऐकली.

जेवणं झाली होती. हे आत मशीन लावून झोपले होते. मी भांडी विसळत होते. वारा अगदी पडला होता, पवनचक्क्याही थांबल्या होत्या. एवढी शांतता झाली की नळाच्या थेंबाचा आवाज मोठा वाटायला लागला. आणि पुढच्या बाजूनं आवाज आला.

"कुणी आहे का…?"

पुरुषाचा आवाज. खर्जातला, कमावलेला, प्रत्येक अक्षर स्वच्छ. मग थोडं थांबून, अगदी क्षीण…

"पाणी…"

कुणी म्हातारा वाटसरू असेल असं मला वाटलं. तांब्या भरून घेतला आणि गेले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. वेताची एक जुनी आरामखुर्ची, समोर रिकामं अंगण, त्यापलीकडे पांढरा होऊन गेलेला माळ. हवेत मात्र वास होता. पावडरचा, तेलाचा, थोडा घामाचा. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला पडद्यामागं यायचा तसा.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. पायऱ्यांवर बसावंसं वाटलं. बसले. खांद्यावर कुणीतरी ऊबदार हात ठेवून खाली दाबावं तसं झालं आणि सगळा शिणवटा उतरून गेला. खुर्चीत कुणी नव्हतं, तरी मी खुर्चीकडे बघत होते. मला काही करायचं नव्हतं. औषध द्यायचं नव्हतं, पाठ चोळायची नव्हती. फक्त बघायचं होतं. इतका विसावा मला कितीतरी वर्षांत मिळाला नव्हता.

कुणीतरी माझा दंड धरून ओढलं. भागूबाई. ती अंगणातून हात लांब करून मला खेचत होती, व्हरांड्याच्या फरशीला पाय न लावता. ऊन उतरलं होतं. तांब्यातलं पाणी कोमट झालं होतं.

"सांगितलं हुतं ना बाई तुमाला…"

मागच्या ओट्यावर नेऊन तिनं मला गुळाचा चहा दिला. मग खालच्या आवाजात सांगितलं.

"सायेब रोज दुपारी व्हरांड्यात मरायचे."

"म्हणजे?"

"नाटक वो. पिच्चरमंदी काम मिळंनासं झालं, तरी हौस जाईना. जेवन झालं की खुर्चीत बसायचे. 'कुणी आहे का' म्हनायचे, 'पानी' म्हनायचे, आन मान टाकायचे. समदं गाव जमायचं. बाया रडायच्या. मग सायेब हासत उठायचे, समद्यांला चा पाजायचे. लई माया हुती त्यांची गावावर. पर किती दिस बघनार मानसं? हळूहळू कुनी येईना. त्ये आपले एकलेच हाका मारायचे."

तिनं पदर पुन्हा दातात धरला.

"एका सालाला आमी समदे ऊस तोडाया कोयत्यावर गेल्तो. गावात म्हातारी तेवढी. माझी सासू हितं सैपाकाला हुती. तिनं हाक ऐकली. म्हनली, आज सायेबांनी लई येळ लावला… दिवा लावायला गेली तवा सायेब खुर्चीत गार पडल्यालं."

तिनं माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"तवापासनं हाक येती," ती म्हणाली. "आमी जात न्हाई. माझा चुलत दीर, कानिफनाथ, त्यो एकदा गेला. दिस बुडंस्तोवर पायरीवर बसून ऱ्हायला. त्याला मारलं न्हाई, झोडलं न्हाई. पर नंतर त्याचं कशातच मन लागंना. दुपार झाली की हितं येऊन बसायचा. समोर बायकू आजारी पडली तरी नुसता बघायचा. उठायचा न्हाई."

मी त्या रात्री ह्यांना म्हटलं, परत जाऊ. हे नाही म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना इथं बरं वाटत होतं. खोकला कमी झाला होता. अंगणाच्या कडेनं चार पावलं चालत होते. भाकरी खात होते. नगरच्या खोलीत कोंडून ठेवायला त्यांना परत कसं नेणार?

राहिलो. हाक काही रोज यायची नाही, पण यायची तेव्हा दुपारीच. पहिल्यांदा मी कानात बोटं घालायची. मग नुसतं दार लोटून घ्यायची. मग तेही नाही. भागूबाई आणि मी मागच्या ओट्यावर मटकी निवडत बसायचो. पुढून आवाज यायचा, "कुणी आहे का…" आणि आमचे हात थांबायचेसुद्धा नाहीत. सवय. मी मघाशी म्हटलं ना.

एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली. हे दुपारी झोपेनासे झाले. मशीनची वायर लांब ओढून पुढच्या खोलीच्या दाराशी बसायचे. एकदा वायर आणखी ओढून व्हरांड्यातच जाऊन बसले. त्या खुर्चीत.

मी रागावले. "तिथं कशाला गेलात?"

"बरं वाटतं गं," हे म्हणाले. "घरात मला धाप लागली की तू काय, शेजारपाजारचे काय, सगळे तोंड फिरवता. तुमचा दोष नाही. बघवत नाही, कळतं मला. इथं तसं नाही वाटत."

"इथं काय वाटतं?"

हे माळाकडे बघत म्हणाले, "कुणीतरी लक्ष देऊन बघतंय असं वाटतं."

मी त्यांना आत आणलं. पण मी चोवीस तास पहारा कसा देणार? अंगात त्राण नव्हतं. दुपारी भिंतीला टेकले की डोळा लागायचा.

तो दिवसही तसाच होता. जेवणानंतर वीज गेली. रोजच जायची. मशीनला बॅटरी होती, थोडा वेळ चालायची, म्हणून मला घाई वाटली नाही. हे आतल्या खाटेवर पडले होते, मी बघून आले होते. मागच्या ओट्यावर भागूबाईसमोर बसले आणि मला पेंग यायला लागली. वारा पडला. पवनचक्क्या थांबल्या.

"कुणी आहे का…?"

भागूबाईनं सुपातला खडा उचलून टाकला. मी डोळेही उघडले नाहीत.

"पाणी…"

मग शांतता. एरवी एवढ्यावरच संपायचं. त्या दिवशी संपलं नाही.

"सत्यशीला!"

मी ताडकन बसले. माझं नाव. ह्यांनी मला लग्नापासून कधी नावानं हाक मारलेली नाही. "अगं" म्हणतात, फार तर "ऐकलंस का". आणि आवाज ह्यांचा नव्हताच. तोच खर्जातला आवाज होता. पण त्यात आज काही कमावलेलं नव्हतं. अक्षरं एकमेकांवर आदळत होती. माणूस घाबरून ओरडतो तसा तो आवाज होता.

"सत्यशीला! धाव!"

भागूबाईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ नका बाई… आज नावानं बोलवतंय… जाऊ नका…"

मी हात सोडवून पळाले. आतली खाट रिकामी होती. वायर दारातून बाहेर गेलेली. मशीन व्हरांड्यात, बंद. बॅटरी संपली होती. आणि हे त्या खुर्चीत होते. मान मागं पडलेली, ओठ शाईसारखे, तोंड उघडं. छाती उचलली जात होती आणि आत काहीच जात नव्हतं. एक हात हळूहळू वर आला, हवेत कुणाला तरी धरायला गेला, आणि बोटं एकेक करून मिटली.

आणि मी उभी राहिले.

तुम्हाला हे कसं सांगू… खांद्यावर पुन्हा तो ऊबदार दाब आला. गुडघे आपोआप वाकायला लागले. पावडरचा तो वास दाटून आला. समोर माझा नवरा गुदमरत होता आणि मला वाटत होतं, काय सुंदर करतोय हा माणूस. तो हात कसा उचलला, बोटं कशी मिटली. आता मान पडेल. आता बसावं आणि शेवटपर्यंत बघावं. मी पायरीवर अर्धी टेकलेसुद्धा.

तेवढ्यात माझ्या कानाशी, इतक्या जवळून की गालावर श्वास लागला, तो आवाज फुटून गेल्यासारखा म्हणाला…

"बाई, हे खरं आहे!"

कुणीतरी अंगावर घागर ओतावी तशी मी जागी झाले. आत पळाले, सिलिंडर ओढत आणला. चावी फिरेना, साडीचा पदर गुंडाळून फिरवली. मास्क लावला, त्यांना पुढं वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या, नाव घेऊन ओरडले. अंगणात भागूबाई उभी होती. मी तिला म्हटलं, "वर या, धरा ह्यांना!" ती हमसून हमसून रडत होती. क्षणभर तिचा पाय हवेतच राहिला. मग ती व्हरांड्यात चढली आणि तिनं ह्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. एवढ्या वर्षांत त्या गावातलं माणूस पहिल्यांदा त्या हाकेला नुसतं बघायला नव्हे, मदतीला आलं होतं.

बऱ्याच वेळानं ह्यांच्या ओठांचा रंग बदलला. गोरक्ष जवळच खेपेवर होता, त्याला फोन लागला, तो आला. टेम्पोत गादी टाकून ह्यांना पाथर्डीला नेलं आणि तिथून अँब्युलन्सनं नगरला.

बोलता यायला लागल्यावर मी विचारलं, "मला हाक मारलीत तुम्ही?"

ह्यांनी मान हलवली. "श्वास नव्हता गं. हाक कुठली मारणार?"

"मग कुणी मारली?"

हे छताच्या पंख्याकडे बघत थांबून थांबून बोलले. "माझ्याजवळ वाकून बसला होता तो… तोंडाशी तोंड आणून. म्हणाला, जन्मभर हे करत आलो, पण स्वतःचं मरण तेवढं नीट बघायचं राहून गेलं. तुझं बघू दे… मी म्हटलं, बघ बाबा, पण कुणाला तरी बोलव. मला इतक्यात जायचं नाही."

"मग?"

"मग तो म्हणाला, बोलावतो. पण मी सोबत येईन."

नर्स आली, सलाईन बदललं. हे झोपले. मी त्या वाक्याचा विचार केला नाही. करायचा नव्हता. माणूस शुद्धीवर येताना काहीही बोलतो.

आवराआवर करायला मी एकदा चांदखड्याला जाऊन आले. भागूबाईनं व्हरांडा सारवल्यासारखा लख्ख धुतला होता. पायरीवर बसून ती निवांत लसूण सोलत होती. माझे हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, देवासारख्या आलात. हाक बंद झाली बगा. त्या दिसापासनं एकदा बी न्हाई. सुटले सायेब." तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मीही बरं म्हटलं आणि गाद्या गुंडाळल्या.

आता हे घरी आहेत. डॉक्टर म्हणतात, छातीत सुधारणा आहे, एवढी अपेक्षा नव्हती. जिना चढतात. भूक लागते. शेजारपाजारचे भेटायला आले की छान गप्पा मारतात, पूर्वी मुलखाचे अबोल होते. मला आनंद व्हायला हवा. होतोही. पण मी दमले आहे हो, आणि आता तर दुपारी भिंतीलासुद्धा टेकत नाही.

कारण दुपारी, जेवण झाल्यावर, हे खाटेवर पडतात. श्वास छान चाललेला असतो, संथ, एकसारखा. मग तो मध्येच थांबतो. खोकला नाही, घरघर नाही, नुसता थांबतो. एक हात चादरीवरून हळूहळू वर येतो आणि बोटं एकेक करून मिटतात. मी उठते. दर वेळी उठते, पाठीखाली हात घालते, मास्क शोधते. आणि तेवढ्यात ह्यांचा एक डोळा किंचित उघडतो.

तो माझ्याकडे बघत नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघतो. आमच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं माझ्याशिवाय कुणी नसतं, तिथं तो सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. मग जरा वर, प्रेक्षकांच्या मागच्या ओळीत बघावं तसा.

मी अजून एकदाही मागं वळून बघितलेलं नाही.